शिकवणाऱ्यांनी शिकायचं कधी?

सकाळी ६

घरातली बाकी मंडळी उठायच्या आत मला जेमतेम पाऊण तास मिळतो. या वेळात कालच्या प्रशिक्षणाचा गृहपाठ संपवायचा. मी बिडकीनच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि सध्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करते आहे. एकूण ३६ तास आणि आठ विषय: भारतीय ज्ञान परंपरेपासून संशोधन, कौशल्य विकास आणि माहिती तंत्रज्ञानापर्यंत. कालचा गृहपाठ असा : आपल्या विषयातला एखादा घटक कौशल्याच्या अंगाने कसा शिकवाल, त्याचं एका तासाचं नियोजन करा. मी घटक निवडलाय तो जॉबवर्कच्या चलनाचा. का, ते पुढे येईलच.

पहिलीच्या वर्गाला शिकवायचं तर डीएड लागतं. नववी-दहावीला शिकवायचं तर बीएड लागतं. बीकॉमच्या वर्गावर उभं राहायला मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट पुरते. कसं शिकवायचं याचं एका दिवसाचंही प्रशिक्षण न घेता आम्ही फळ्यापाशी उभे राहतो. नोकरीत आल्यावर मिळणाऱ्या प्रशिक्षणाचं महत्त्व म्हणूनच आमच्यासाठी जास्त आहे. आमचं शिकवण्याचं पहिलंवहिलं शिक्षण तेच असतं.

सकाळी ७:३०

डबा भरला, स्कूटी काढली. आमच्या महाविद्यालयातले बहुतेक जण माझ्यासारखेच छत्रपती संभाजीनगर शहरातून अपडाउन करतात. पैठण रोडला लागलं की कांचनवाडीला वाल्मीचा हिरवागार परिसर लागतो. जल व भूमी व्यवस्थापन संस्था, स्थापना १९८०. पाटबंधारे खात्यातले अभियंते इथे प्रशिक्षणाला येतात. कालव्याचं पाणी टोकाच्या शेतापर्यंत कसं पोचवायचं, पाणीवापर संस्था कशा चालवायच्या, हे शिकायला खातं आपल्या माणसांना कामातून मोकळं करून पाठवतं. ते प्रशिक्षणाला आले की ती त्यांची ड्यूटीच धरली जाते.

रोज या फाटकावरून जाताना मला वाटतं, जायकवाडीसारखं धरण बांधल्यावर ते चालवणाऱ्या माणसांना शिकवत राहावं लागतं, हे सरकारला चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच पटलं होतं. याच रस्त्यावर आता त्याहून मोठी, कारखान्यांची उलाढाल सुरू आहे. तिच्यासाठी मुलं घडवणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीतही हाच विचार व्हायला हवा.

सकाळी ८:१५

चितेगावजवळ एक छोटा कारखाना आहे. गाड्यांना लागणारे शाफ्ट इथे तयार होतात. आठवड्यातल्या ठरलेल्या सकाळी मी तास-सव्वा तास त्यांच्या स्टोअरमध्ये बसते. मालकांना मी विनंती केली होती, त्यांनी आनंदाने होकार दिला. स्टोअर सांभाळणारे काका बारावी शिकलेत आणि गेली कित्येक वर्षं माल आत-बाहेर करतायत. मला ते मॅडम म्हणतात, मात्र इथे शिकवणारे तेच असतात.

आज सळ्यांचा एक लॉट वाळूजला जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्या कारखान्यातून काम करून घ्यायला, निघालाय. काका चलन करतात. तीन प्रती. मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्या फायलीला. पुस्तकात हा भाग अर्ध्या पानात आटोपतो. काकांच्या टेबलावर तो संपत नाही. ते जुनी फाइल काढतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. "हे बघा मॅडम, पाठवलं होतं वजनावर, परत आलं नगावर. मधला फरक कुठं गेला?" फरक म्हणजे कातकामात निघालेला लोखंडाचा चुरा. त्याचाही हिशोब लागतो. जॉबवर्कवाला जीएसटीत नोंदणीकृत असेल तर तो कर भरून ते भंगार थेट विकू शकतो. नसेल तर विकणं मूळ मालकाकडे येतं. आणि पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर ज्या दिवशी तो पाठवला त्याच दिवशी विकला, असं धरून करआकारणी होते. म्हणून काकांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक चलनापुढे लाल पेनाने परतीची शेवटची तारीख लिहिलेली असते.

हे कलम मी वर्गात शिकवत आलेय. पण त्या लाल पेनाच्या तारखेवर एखाद्या छोट्या कारखान्याचा वर्षाचा नफा अवलंबून असतो, हे या टेबलापाशी बसल्यावर कळलं. संभाजीनगरच्या परिसरात कारखान्यांचं निम्मं जग जॉबवर्कवर चालतं म्हटलं तरी चालेल. आमच्या बीकॉमच्या मुलांना पहिली नोकरी बहुधा अशाच टेबलावर मिळणार आहे.

सकाळी १०

चितेगाव सोडून बिडकीनकडे निघते. याच चितेगावात व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. एका पिढीने टीव्हीच्या जोडणीवर घरं उभी केली. तो काळ सरला. आता पुढे बिडकीनला ऑरिकचे रुंद रस्ते आहेत. ७,८५५ एकरांचं हे औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालं. टोयोटा किर्लोस्करची गाडी आणि एथरची विजेवरची दुचाकी इथे तयार होणार, अशा घोषणा त्याच वर्षी झाल्या. निलजगाव, नांदलगाव, बंगला तांडा इथल्या ज्या घरांची जमीन या प्रकल्पात गेली, त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. वडिलांनी कपाशी आणि तूर केली. मुलाने काय करायचं, हा प्रश्न घेऊन ती मुलं महाविद्यालयात येतात. टीव्हीच्या जोडणीचं जे झालं, ते उद्या कुठल्याही एका कामाचं होऊ शकतं. म्हणून मुलांना नवं शिकत राहायची सवय लावायची, आणि ती सवय आधी शिक्षकाला हवी.

सकाळी १०:३०

व्हीएससीचा, म्हणजे व्यावसायिक कौशल्याच्या विषयाचा तास. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली आणि तिच्याबरोबर कौशल्याचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी हे शब्द आमच्या रोजच्या बोलण्यात आले. शेवटच्या सत्रात ओजेटी चार क्रेडिटची, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामावर.

आज मी पुस्तक उघडत नाही. कोऱ्या चलनाच्या झेरॉक्स वाटते. तीन-तीन जणांचा गट केलाय : एक माल पाठवणारा, एक टेम्पोवाला, एक जॉबवर्कवाला. सळ्यांचं वजन, एचएसएन कोड, वाहनाचा क्रमांक, सगळं त्यांनी भरायचं. पहिली दहा मिनिटं गोंधळ होतो. कोणती प्रत कुणी ठेवायची, यावर दोन गटांत वाद लागतो. मी मध्ये पडत नाही. टेम्पोवाला झालेला मुलगाच शेवटी म्हणतो, "रस्त्यात अडवलं तर दाखवायला माझ्याकडं कागद नको का?" आणि वाद मिटतो.

मग मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, "मॅडम, माल परत आला आणि वजन कमी भरलं, तर चोरी झाली समजायचं का?"

दोन तासांपूर्वी काकांनी मला नेमकं हेच दाखवलं होतं. मी फळ्यावर गेलेलं वजन, आलेलं वजन आणि चुऱ्याचं वजन असे तीन रकाने आखते आणि सगळा वर्ग मिळून बेरीज जुळवतो. माझ्या वहीतल्या जुन्या टिपणांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शिक्षक सकाळी शिकला की त्याच दिवशी वर्गाला ते कसं लागू पडतं, याचा याहून सरळ पुरावा मला देता येणार नाही.

दुपारी १२:१५

स्टाफरूममध्ये डबे उघडले जातात. माझ्या शेजारी हिंदीचे सर बसतात. तासिका तत्त्वावर. सेट झालेत, पीएचडी झालीय आणि वर्गात मुलं त्यांचा तास चुकवत नाहीत. त्यांनी नुकताच स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला. परीक्षेचं शुल्क स्वतःच्या खिशातून भरलं आणि परीक्षेच्या दिवशी दोन तासिका बुडाल्या, त्यांचेही पैसे गेले. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. तो प्रशिक्षणाला गेला, तर तो दिवस त्याच्या हिशोबात कोराच राहतो.

कायम नोकरीतल्या माणसाला प्रशिक्षणाचा दुहेरी लाभ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार पुढच्या वेतनस्तरावर जायचं तर आधी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि नंतर रिफ्रेशर यांसारखे अभ्यासक्रम करावे लागतात. त्यासाठी कर्तव्यरजाही मिळते. म्हणजे मी शिकले की माझ्या पदोन्नतीच्या फायलीत एक प्रमाणपत्र वाढतं. सरांच्या प्रमाणपत्राला लावायला फाइलच नाही. तरी ते शिकतात.

मी त्यांना विचारते, "सर, कशासाठी करता एवढं?"

"पोरांनी मोबाइलवर हिंदीतून अर्ज, जाहिरात, बातमी लिहायला शिकावं असं वाटतं, मॅडम. मला आधी ते यायला पाहिजे ना."

ग्रामीण महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार या मंडळींच्या खांद्यावर आहे. मुलांच्या वाट्याला येणारा शिक्षक कायम आहे की तासिकेवरचा, हे मुलांनी निवडलेलं नसतं. शिक्षकांच्या विकासाची कोणतीही योजना या शिक्षकांना बाहेर ठेवून पूर्ण होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी १:३०

प्राचार्य सरांच्या केबिनमध्ये ओजेटीची बैठक. नव्या रचनेतल्या पहिल्या तुकडीला कुठे पाठवायचं, करार कोणाशी करायचे, मुलींच्या येण्याजाण्याचं काय, यादी लांबत जाते. मी एक मुद्दा मांडते : प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकाने आधी त्या जागी थोडे दिवस काम पाहून यावं.

सर मान हलवतात आणि खरी अडचण सांगतात. "मॅडम, पटतंय मला. पण तुम्हाला सोडलं तर तुमचे तास कोण घेणार? रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, आहेत त्यांच्यावरच सगळं ओढायचं."

सरांचं म्हणणं खोटं नाही. प्रशिक्षणाच्या संधी कमी आहेत असं आता कुणी म्हणू शकत नाही. विद्यापीठाचं प्रशिक्षण केंद्र आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राज्य सरकारनेच काढलेली महाराष्ट्र राज्य फॅकल्टी डेव्हलपमेंट अकॅडमी पुण्यात आहे. तंत्रनिकेतनच्या अध्यापकांसाठी भोपाळची राष्ट्रीय संस्था आहे. आयटीआयच्या निदेशकांसाठी तर वर्षभराचा सीआयटीएस अभ्यासक्रम आहे, ज्यात हातातलं कौशल्य आणि ते शिकवण्याची पद्धत दोन्ही येतात. कमी आहे तो वेळ. आणि आपल्या जागी वर्गावर उभं राहणारा माणूस.

दुपारी ३

संगणक कक्षात बसून मालवीय मिशनच्या सत्राला जॉइन होते. आजचा विषय नेमका कौशल्य विकास. सव्वाशेच्या आसपास चौकोन पडद्यावर, कुणी ओडिशातून, कुणी केरळातून, कुणी नांदेडहून.

असं प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांचा इतिहास तसा जुना आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला आणि १९८७पासून देशात अकॅडमिक स्टाफ कॉलेजं उभी राहिली. पुढे ती मानव संसाधन विकास केंद्रं झाली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन सुरू झालं, तेव्हा अशा १११ केंद्रांना आजचं नाव मिळालं आणि १५ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं ठरलं. जुन्या पिढीतले प्राध्यापक अजूनही आपल्या ओरिएंटेशनच्या आठवणी जिव्हाळ्याने सांगतात. तेव्हा हॉस्टेलवर राहायचं, दिवसा व्याख्यानं ऐकायची आणि रात्री दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्राध्यापकांशी गप्पा मारायच्या. लातूरचा इतिहासाचा माणूस आणि जालन्याचा रसायनशास्त्राचा माणूस एकमेकांचे वर्ग कसे चालतात ते ऐकायचे. ऑनलाइनमुळे घरची जबाबदारी असलेल्या माझ्यासारख्या बायकांना दार उघडं झालं, हा फार मोठा फायदा आहे. पण त्या रात्रीच्या गप्पा गेल्या, आणि अर्धं शिक्षण त्या गप्पांतच व्हायचं.

आजचं सत्र मात्र उपयोगाचं झालं. विषय होता, कामावरच्या शिक्षणाचे गुण कसे द्यायचे. वक्त्या म्हणाल्या, अहवाल जाडजूड आहे म्हणून गुण देऊ नका, आधी निकष ठरवा. मग आम्ही छोट्या गटांत रुब्रिक, म्हणजे निकषांचा तक्ता, तयार केलं. माझ्या गटात चार रकाने ठरले : विद्यार्थ्याला कामाचा क्रम सांगता येतो का, रोजची नोंद त्याने स्वतःच्या शब्दांत केली आहे का, चूक झाली तेव्हा त्याने कुणाला विचारलं, आणि तिथे पाहिलेल्या एका गोष्टीचा अभ्यासक्रमातल्या कोणत्या धड्याशी संबंध लावला. तिसऱ्या रकान्यावर बरीच चर्चा झाली. केरळातल्या एका अध्यापकाने आग्रह धरला की चूक सांगणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत, वाढवायचे. मला ते पटलं. चूक लपवणाऱ्या मुलाच्या हाती कुणी स्टोअरची किल्ली देणार नाही.

सत्र इंग्रजीत असतं. माझी मुलं मराठी माध्यमातली. म्हणून सत्र संपताच ते चारही रकाने मी मराठीत लिहून काढते. हे लगेच केलं नाही, तर ते पडद्यावरच राहून जातं.

सायंकाळी ५

आज आमचा अभ्यासतास आहे. याला कुठलंही अनुदान नाही आणि कुणाचं पत्रकही नाही. थांबू शकतील तेवढे शिक्षक एका वर्गात बसतो. अट एकच, ती म्हणजे येताना एक जमलेली गोष्ट आणि एक न जमलेली गोष्ट घेऊन यायचं.

ही रीत जगात नवी नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत १९६९ साली डेव्हिड गॉटशॉल यांनी ‘ग्रेट टीचर्स’ नावाची चर्चासत्रं सुरू केली, त्यांचा गाभा हाच : बाहेरच्या तज्ज्ञाची वाट न पाहता शिक्षकांनीच एकमेकांपुढे आपला एक यशस्वी प्रयोग आणि एक अडलेला प्रश्न ठेवायचा. तिथली कम्युनिटी कॉलेजंही आमच्यासारखीच, जवळच्या गावांतून येणाऱ्या, बऱ्याचदा काम करत शिकणाऱ्या मुलांची.

आज भूगोलाच्या सरांनी जमलेली गोष्ट सांगितली : मुलांकडून त्यांच्याच गावातल्या विहिरींच्या पातळीची नोंद करून घेतली आणि आलेखाचा धडा एका तासात संपला. न जमलेली गोष्ट हिंदीच्या सरांची : पहिल्या वर्षाची मुलं बोलतात भरभरून, लिहायला सांगितलं की दोन ओळींत थांबतात. यावर पाऊण तास चर्चा रंगली. शेवटी मराठीच्या मॅडमनी सुचवलं, आधी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायला सांगा, मग तेच ऐकून लिहायला सांगा. सरांनी वहीत टिपून घेतलं. मी माझं रुब्रिक सगळ्यांना दिलं, आणि इतिहासाच्या सरांनी ते फील्ड प्रोजेक्टला लावायचं ठरवलं.

या तासाला कायम कोण आणि तासिकेवर कोण, हा फरक उरत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे, तो बोलतो.

रात्री ८:३०

घरी पोचून जेवणं आटोपली की आज एक अर्ज लिहायचाय. प्राचार्य सरच म्हणाले, लेखी द्या, मी व्यवस्थापनापुढे आणि पुढे विद्यापीठाकडे ठेवतो. तीन मागण्या आहेत.

पहिली, अभ्यासतास वेळापत्रकात छापला जावा. आज तो घरी जायची घाई असलेल्यांच्या उरल्या वेळेत होतो. आठवड्यातला एक तास सगळ्या शिक्षकांसाठी मोकळा ठेवणं कुठल्याही महाविद्यालयाच्या हातात आहे.

दुसरी, तासिका तत्त्वावरचा शिक्षक मान्य प्रशिक्षणाला गेला तर त्या दिवसाच्या ठरलेल्या तासिकांचं मानधन त्याला मिळावं आणि शुल्क संस्थेने भरावं. मुलांसाठी शिकणाऱ्या माणसाने त्यासाठी पदरमोड करणं शिक्षणव्यवस्थेला शोभत नाही.

तिसरी, कौशल्याचे विषय शिकवणाऱ्या आणि ओजेटीला मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाला सुट्टीत निदान एक आठवडा कारखान्यात, बँकेत, गोदामात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत जाऊन शिकायची सोय व्हावी, आणि त्या आठवड्याला पदोन्नतीत प्रशिक्षणाचंच वजन मिळावं. आमच्या महाविद्यालयाच्या भोवती हजारो एकरांवर उद्योग उभे राहतायत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला यासाठी प्रवास करावा लागेल, आम्हाला रस्ता ओलांडला की पुरे.

या तिन्ही मागण्यांना फार मोठा खर्च नाही. खर्च आहे तो वेळेचा, आणि वेळ द्यायचा म्हणजे हे काम महत्त्वाचं आहे असं मानायचं. मी अर्जाच्या शेवटी एक नियम सुचवलाय आणि त्यावर मी अडून बसणार आहे : ज्या ठिकाणी आपण विद्यार्थ्याला पाठवणार, तिथे त्याच्या शिक्षकाने आधी जाऊन काम शिकून यावं. पहिली तुकडी बाहेर पडायच्या आत एवढं जरी झालं, तरी नांदलगावच्या मुलाला कामावर अडचण आली की तो ज्याला फोन करेल, तो माणूस ती अडचण ओळखणारा असेल. उद्या सकाळी हा अर्ज सरांच्या टेबलावर जाईल, आणि त्यावर अभ्यासतासाला येणाऱ्या सगळ्यांच्या सह्या असतील, तासिकेवरच्यांच्याही.